कारलं

विक्रीप्रमुखाने रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावरची शेवटची हिरवी पट्टी लाल झाली. एवढंच. कित्येक वर्षांचं काम एका बोटाने मारलं.

“कारलं बंद?” तिने विचारलं.

कंपनीत त्या औषधाला सगळे कारलंच म्हणायचे. कागदावर त्याचा एक लांबलचक क्रमांक होता, तो कुणाच्या तोंडात बसत नव्हता. चव मात्र सगळ्यांच्या तोंडात बसली होती. भुकटीचा डबा उघडला की पलीकडच्या खोलीतल्या माणसाचा चहा कडू व्हायचा. तिचं काम गोळी बनवण्याचं. तो कडूपणा एका पातळ पांढऱ्या थराखाली गाडण्यात तिने जीव ओतला होता. थर शाबूत असेपर्यंत गोळी म्हणजे गरीब गाय. दाताखाली फुटली की दिवसभर जिभेला दुसरं काही कळायचं नाही.

“बंद नाही हो मॅडम. बाजूला ठेवतोय.”

“का? चालत नाही म्हणून?”

“चालतं, तेच तर दुखणं आहे.” स्वतःच्याच विनोदावर तो हसला. “जुन्या औषधांना दाद न देणारा जंतू आपली गोळी चार महिन्यांत साफ करते. माणूस ठणठणीत. मग तो पुन्हा आपल्या दारात कशाला येईल? रक्तदाबाची गोळी बघा, एकदा सुरू झाली की मरेपर्यंत. आणि छातीचा हा रोग होतो कुणाला? एका खोलीत आठजण झोपतात त्यांना. त्यांच्याकडून काय घेणार आपण, सांगा?”

संशोधनप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. औषध मुळात त्यांनी शोधलेलं. पण सकाळपासून त्यांच्याकडून ती टकटक तेवढी ऐकू आली होती.

“चाचणीतल्या अर्ध्या लोकांना आपण खोटी गोळी दिली आहे,” ती म्हणाली. “जुनी औषधं चालू, आणि वर ही, आतून नुसतं पीठ. शेवटी तुम्हाला खरी देऊ, असा शब्द दिलाय त्यांना. अनुकंपा तत्त्वावर.”

“अनुकंपाही बंद. पुढच्या महिन्यापासून.”

उद्या नळाला पाणी येणार नाही, हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

“काय बोललात ते स्वतः ऐकलंत का?”

“मॅडम, योजनेचं नाव आहे ते. मनाला काय लावून घेता?”

“मग मनाला लावून घेणारा एखादा पगारावर ठेवा. पुरा मजला हिंडले, एक सापडला नाही.”

कुणीतरी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली. ती खुर्ची ढकलून बाहेर आली आणि जिन्याच्या वळणावरच्या खिडकीपाशी थांबली. पण त्या संतापाच्या तळाशी एक मऊ जागा होती, आणि ती जागा तिला ठाऊक होती. तिचा धाकटा भाऊ त्याच चाचणीत होता. कुणाला खरी, कुणाला खोटी, हे अजून कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पण ‘फरक आहे, फरक आहे’ असं तो दर आठवड्याला म्हणायचा, म्हणून तिने मनाशी धरलं होतं, त्याला खरीच मिळतेय. आपला तरी सुटला. विचार आला तशी तिला स्वतःची किळस आली. तरी तिने तो सोडला नाही. फोन लावला.

“बोल तायडे. विकलीस का कंपनी?” तो म्हणाला आणि खोकला. बराच वेळ. “धूळ गं. तुझी वहिनी झाडू मारतेय.”

“शेवटचं पाकीट संपलं?”

“संपलं. एकही चुकवली नाही. तुझ्या हातची म्हणून नेमाने घेतली.”

मागून वहिनीचा आवाज आला. “खरं सांगा की ताईंना! अख्खी गिळत नाहीत हो, ताई. फुटाणे खाल्ल्यासारखी चावतात!”

“चुगलखोर,” तो हसला. “घशात अडकते गं. आई दोन चमच्यांत चिरडून द्यायची, आठवतं? आणि तू उगाच घाबरवलंस, कडू आहे, कडू आहे म्हणून. कसलं कडू? खडूसारखी लागते. मस्त जमलीये तुला.”

तिने तळवा खिडकीच्या काचेवर टेकवला. खोट्या गोळीत कुणी कडू घातलं नव्हतं. अख्खी गिळायची वस्तू, चावतंय कोण, असं ती बनवताना सगळेच म्हणाले होते. तीसुद्धा.

“हॅलो? गेलीस का?”

“आहे.”

“मग? जमली ना?”

“जमली,” ती म्हणाली. “आता दुसरी येईल. ती चावू नकोस. काही झालं तरी अख्खी गिळ.”

“अजून? मला वाटलं, सुटलो मी.”

तिने फोन ठेवला.

बैठकीच्या खोलीत चहा आला होता. टेबलाच्या मधोमध पाहुण्यांना दाखवायची काचेची बरणी होती, पांढऱ्याशुभ्र गोळ्यांनी भरलेली. तिने झाकण काढलं, एक गोळी दाढेखाली धरून फोडली. मूठभर गोळ्या विक्रीप्रमुखासमोर टाकल्या आणि बरणीच्या बुडाने रगडल्या, थर फुटून पिवळी भुकटी उडेपर्यंत. कडूपणा तिच्या कानांपर्यंत चढला. डोळ्यांतून पाणी आलं. मोठ्या सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तिने तो परत सरकवला.

“अनुकंपा,” ती म्हणाली. जीभ जड झाली होती. “कोण बंद करतंय, त्याचं नाव सांगा. तोवर मी उठत नाही.”

ती बसली. विक्रीप्रमुखाने वेळ काढायला कप उचलला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“चहा कडू झालाय,” तो म्हणाला आणि उठू लागला.

मोठ्या सरांनी टोपण पेनाला न लावता टेबलावर ठेवलं.

“होणारच,” ते म्हणाले. “बसा. अजून बोलणं संपलेलं नाही.”