एका छोट्या संस्थेचा अभ्यास

राजकीय समाजशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला सत्ता हा विषय खुद्द विभागप्रमुख शिकवत. सत्ता कशी लपून बसते, माणसं न सांगताच कशी वाकतात, यावर ते तासभर बोलत आणि मागच्या बाकावर कोणी जांभई दिली की त्याला तास संपेपर्यंत उभं करत. विभागाची कुठलीही बैठक त्यांच्या ‘सर्वानुमते ठरलं’ या वाक्याशिवाय संपत नसे, म्हणून पोरांनी त्यांचं नावच सर्वानुमते ठेवलं होतं. त्या विभागात खरोखर सगळ्यांच्या संमतीने झालेली तेवढी एकच गोष्ट.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिला वर्गात सगळे खवचट म्हणत, आणि तिलाही ते आवडायचं. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ती बैठकांना बसे आणि तिथला तमाशा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. निर्णय आधीच प्रमुखांच्या खोलीत चहासोबत झालेला असायचा. मग बैठकीत सर चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “मोकळेपणाने बोला.” एक नवे शिक्षक एकदा खरंच मोकळेपणाने बोलले. भोळा बिचारा! पुढच्या सत्रात त्यांचे सगळे तास भल्या सकाळी, जिन्याखालच्या कोंदट खोलीत. तेव्हापासून सगळे मोकळेपणाने ‘हो’ म्हणू लागले.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एखाद्या संस्थेत जाऊन बसायचं, निरीक्षण करायचं आणि प्रबंध लिहायचा असे. संस्थेचं आणि माणसांचं नाव झाकायचं, हा त्यातला पहिला नियम. खवचटने लांब कशाला जा म्हणून आपलाच विभाग निवडला. प्रमुखांना ‘अध्यक्ष’ केलं, शिक्षकांना ‘सभासद’, आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. चहा, जिना, इतकंच काय, चष्मासुद्धा.

तिच्या मार्गदर्शक होत्या तासिकेवरच्या मॅडम. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची, तीही सरांच्या शिफारशीने. त्यांनी प्रबंध वाचला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, मग उठून दार लावून घेतलं. “एक शब्द बदलू नकोस. पण कोणी नाव विचारलं तर जीव गेला तरी सांगू नकोस. माझी आण आहे तुला.”

घरी वेगळाच घोर होता. बाबा गेल्यापासून घरात दादाचा शब्द चालायचा. “पहिला वर्ग मिळाला तर पुढे शीक. नाहीतर दुकानात बस. आमचं ठरलंय,” दादाने सांगून टाकलं होतं. आमचं म्हणजे त्याचं. आईने फक्त मान डोलावली होती. दुकान नळाच्या तोट्यांचं आणि बेसिनचं. आयुष्यभर तिथे बसून गिऱ्हाइकांना तोट्या फिरवून दाखवायच्या, या विचारानेच ती रात्री पुन्हा प्रबंध काढून बसायची.

तोंडी परीक्षेला सर, एक वरिष्ठ शिक्षक, मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक असे चौघे बसले होते. सर भलतेच खुशीत होते.

“हा अध्यक्ष म्हणजे नमुनाच आहे हो! मोकळेपणाने बोला म्हणतो, आणि बोलेल त्याला जिन्याखाली नेऊन घालतो! काय निगरगट्ट माणूस असेल!” असं म्हणत त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

खवचटने गाल आतून चावून हसू दाबलं. अरे, आरशात तरी बघत जा माणसा!

“पहिल्या वर्गाचं काम आहे,” परीक्षक म्हणाले.

“प्रश्नच नाही,” सर म्हणाले. वरिष्ठांनीही लगेच मान डोलावली.

तिथेच उठून बाहेर पडायला हवं होतं. पण सरांना चैन पडेल तर ना! “कुठली गं ही संस्था? बँक? पतपेढी?”

“सर, नाव झाकायचं असतं. तुम्हीच शिकवलंत.”

“अगं, ते वाचकांपासून! मी परवानगी देतोय ना. सांग, सांग. इथे काय कोणी तुला खाणार आहे?”

मॅडमनी तिच्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. खवचटलाही कळत होतं. कुठल्याही पतपेढीचं नाव ठोकून दिलं असतं तरी भागलं असतं. पण तीन वर्षं गिळलेला राग घशाशी आला होता, आणि समोर हा माणूस स्वतःलाच हसत बसला होता.

“हाच विभाग, सर.”

वरिष्ठ शिक्षकांना खिडकीबाहेर एकदम काहीतरी दिसलं. परीक्षकांना खोकला आला. सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ते चिडले नाहीत, गोड हसले, आणि तेच वाईट होतं.

“वा! पण बाळ, तू नाव सांगितलंस. पहिलाच नियम मोडलास. आता मी एकट्याने काही ठरवणार नाही, आपल्याकडे तशी पद्धत नाही. हे काम नाकारून पुढच्या वर्षी पुन्हा करायला लावावं, असं कोणाकोणाला वाटतं? हात वर करा.”

वरिष्ठांचा हात प्रश्न संपायच्या आत वर गेला. परीक्षकांना पुढच्या वर्षीही बोलावणं हवं होतं; “नियम तो नियम,” असं पुटपुटत त्यांनीही हात वर केला. खवचट मनातल्या मनात एकेकाला लाखोली वाहत होती. मिंधे! लाळघोटे! कणा नावाची वस्तू विकून खाल्ली का रे तुम्ही? मग तिने मॅडमकडे बघितलं. निदान ही एक तरी.

मॅडम टेबलाकडे बघत होत्या. त्यांचा हात हळूहळू खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

“नीट दिसत नाहीये, मॅडम,” सर म्हणाले.

हात वर गेला.

खवचटकडे त्यांच्यासाठीही शिवी तयार होती, पण ती काही केल्या तोंडात येईना. बाकीच्यांचे हात केव्हाच खाली आले होते. मॅडमचा हात अजून वरच होता, आणि मोजून झालं तरी सर त्यांना तो खाली घ्या म्हणत नव्हते.