शेवटच्या तुकड्यावरची खूण

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. इस्पितळात स्कॅनच्या खोलीत टेबलाखालच्या पेटीत बसतो. माझ्या गोष्टीत पराक्रम नाही. जे आहे ते मान खाली घालूनच सांगावं लागेल.

रुग्णांची चित्रं माझ्याजवळ नसत. ती तळघरातल्या साठवणयंत्रात असत. डॉक्टरांनी एखादं मागितलं की ते नेटवर्कच्या तारेतून हजारो तुकड्यांत येई. दर तुकड्याला तारेच्या तोंडाशी बसलेलं नेटवर्क कार्ड मला हाक मारी. मी हातातलं काम टाकून धावे, तुकडा आधी एका कोपऱ्यात उतरवून घेई, मग तिथून उचलून त्याच्या जागी ठेवी. सगळे तुकडे आले की ‘वाचन पूर्ण’ असा वेगळा निरोप येई. तो हाती आल्याशिवाय मी चित्र पडद्यावर सोडत नसे. नियम म्हणजे नियम!

या धावपळीचा मला केवढा अभिमान! माझ्यावर चार पडदे चालत. पडद्याच्या कोपऱ्यात मी किती गुंतलोय त्याचा आकडा दिसे : शंभर टक्के. स्कॅनवाले काका म्हणत, “गडी राबतोय बघा!” मी तापतो म्हणून त्यांनी घरचा टेबलफॅन आणून माझ्यापुढे ठेवला. मी आणखीच फुशारलो.

एका सकाळी परांचीवरून पडलेल्या गवंड्याला आणलं. डोक्याला मार होता. स्कॅन झाला, डॉक्टरांनी चित्र मागितलं. चारही पडदे तेव्हा चालू होते.

“काका, फोटो निघाला ना? मग दिसत का नाही?” गवंड्याच्या लेकीने दारातून विचारलं.

“येतोय गं. मशीन काम करतंय, ऐक की कसं घरघरतंय!”

“घरघर घेऊन काय करू? बाबा बोलायचे थांबलेत!”

चित्र आलेलं होतं, मित्रांनो. अख्खं माझ्याजवळ होतं. फक्त ‘पूर्ण’चा निरोप बाकीच्या पडद्यांसाठी येणाऱ्या तुकड्यांच्या हाकांमागे पडला होता, आणि मी हाकांना ओ देत सुटलो होतो. अठरा मिनिटं.

गवंडी वाचला. उजवा हात मात्र लुळा पडला तो पडलाच. “थोडं आधी दिसलं असतं तर...” एवढंच डॉक्टर म्हणाले.

मग नेटवर्कवाल्या ताई आल्या. दिवसभर आकडे बघत बसल्या.

“काका, हा काम करत नाहीये. नुसता हाकांना ओ देतोय.”

“अहो ताई, शंभर टक्के दाखवतोय की!”

“तेच तर दुखणं आहे. आणि तुम्ही त्याला वारा घालताय!”

त्यांनी कार्डाला तुकडे थेट जागेवर ठेवायला शिकवलं. मला दर वेळी उठवायचं नाही. वेगळा निरोपही बंद झाला. आता शेवटच्या तुकड्यावरच ‘संपलं’ अशी खूण येते. माझा आकडा नऊ टक्क्यांच्या वर जात नाही. इतकं सोपं होतं ते.

परवा तो गवंडी तपासणीला आला. डॉक्टर खुर्चीत टेकतात न टेकतात तोच चित्र हजर.

“आता लगेच येतो की फोटो!” तो कौतुकाने म्हणाला. लेक त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, जरूर झटका. पण माझ्यासारखा कुणी तापलेला, घरघरणारा दिसला, तर लगेच शाबासकी देऊ नका. आधी दाराकडे बघा. तिथे कुणी अजून वाट बघत उभं असेल.