नदीवर एकटा

गेल्या वर्षी प्राचीचं रडणं थांबेना, तेव्हा नातेवाइकांच्या टोमण्यांना न जुमानता आईनं तिला लोधिवलीहून पनवेलला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू पोरगी सावरली. त्या दिवसांत धाकटा जितेश चिडून एकदा तिला "येडी" म्हणाला होता. तो शब्द तिच्या मनात रुतून बसला.

यंदा जितेशचं बिनसलं. आईवर खेकसायचा, ताट ढकलून उठायचा, शाळेत मारामाऱ्या करायचा. टेंपो चालवून दमून आलेले बाबा म्हणायचे, "माजलाय पोरगा."

एका दुपारी प्राची क्लासहून येत होती, तेव्हा तो तिला पाताळगंगेच्या काठी दिसला. मांडीवर दप्तर, नजर पाण्यात. हाक मारली तरी वळला नाही. घरी येऊन तिनं बाबांना सांगितलं, "जितू शाळा बुडवून नदीवर पोरांबरोबर उंडारतो."

पोरं कुठली? तिथं चिटपाखरूही नव्हतं.

बाबांनी त्याला अंगणात सगळ्यांदेखत पट्ट्यानं झोडलं. जितेशनं एकदाही हात आडवा घातला नाही. ते प्राचीच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन त्याच्यापाशी बसली. "जेव रं जितू."

"नको. मातीगत लागतंय."

तिनं ताट खाली ठेवलं. डॉक्टरांना तिनंही हेच सांगितलं होतं.

"कधीपासनं?"

"गणपतीपासनं." तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला तुझ्यासारखं रडू येत नाय गं. नुसता राग येतो."

प्राची तशीच बाबांकडे गेली. "नदीवर कुणी पोरं नव्हती बाबा. मी खोटं बोलले. जितू आजारी हाय."

"आजारी? ह्यो?"

"मी रडत होते म्हणून तुमाला कळलं. त्याचं रागातनं बाहेर पडतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कामावर न जाता टेंपो दारातच ठेवला आणि जितेशला घेऊन पनवेल गाठलं.

आता तो शाळेत जातो, थोडंफार जेवतो. बाबा त्याच्याशी जपून बोलतात. एकदा धीर करून प्राची त्याला म्हणाली, "जितू, त्या दिवशी मीच बाबांना..."

"म्हायीत हाय. मारताना बाबाच बोलले, तू सांगितलंस म्हणून."

म्हणजे ती ताट घेऊन गेली, तेव्हाही त्याला ठाऊक होतं. तरी तो तिच्याशी बोलला होता. भांडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर प्राचीला सोपं गेलं असतं. तो मात्र चपला घालून क्रिकेट खेळायला निघून गेला.