मोलमिनचा साग

अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. सारे कापसामागं धावत असताना अमरावतीच्या खुशालरावानं मात्र लाकडाचा नाद धरला. आपण चारचौघांहून शहाणे आहोत असं ज्याला वाटतं, त्याच्यापुढं देवही हात टेकतो.

गुदामं उठत होती, नव्या श्रीमंतांची घरं उठत होती, आणि सगळ्यांना साग हवा होता. तो मिळे मेळघाटचा, नाहीतर ब्रह्मदेशातून जहाजानं मुंबईला उतरलेला मोलमिनचा. मुंबईला कापूस टाकून परतणारे गाडीवान मोलमिनचा साग आणत. खुशालराव दर दिवाळीनंतर त्यांना गाठून भाव विचारायचा आणि घरच्या भिंतीवर चुन्याची उभी रेघ ओढायचा, जेवढा भाव तेवढी उंच. शेजारी गेरूची रेघ, ती मेळघाटची. दरसाल चुन्याची रेघ उंच, आणि दरसाल अंतर वाढतं. परदेशी साग मेळघाटच्या सागाएवढा स्वस्त कधीच होणार नाही, हे त्यानं मनाशी पक्कं केलं.

मैनाबाईला, त्याच्या बायकोला, बापानं भाजीची वाडी आंदण दिली होती. तिथली विहीर भर उन्हाळ्यातही आटत नसे. खुशालरावानं ती वाडी महादेवराव या कापसाच्या व्यापाऱ्याला विकली आणि मेळघाटचा साग घेतला. मैनाबाईनं एवढंच विचारलं, "वाडी वापस येईन ना?"

"साग इकला का पहिले तुही वाडी," तो म्हणाला.

लाकूड दारात पडलं तसं गिऱ्हाईकही आलं. पण ओल्या सागानं एक पावसाळा खाल्ल्याशिवाय तो विकायचा नाही, ही इथली रीत. खुशालराव माणूस सचोटीचा, मेल्याला तेवढी एक खोड होती. त्यानं सगळ्यांना दिवाळीनंतर या म्हणून परत पाठवलं.

त्या पावसाळ्याआधीच लढाई संपली. कापूस कोसळला, आणि रूळ टाकत टाकत आगगाडी अकोल्याला आली. खुशालराव बघायला गेला. ठेसनावर मोलमिनच्या सरळसोट, वाळलेल्या तुळया उतरत होत्या. त्यानं भाव विचारला, तर तो मेळघाटच्या सागाहूनही खाली होता. भिंतीवरची चुन्याची रेघ ब्रह्मदेशाच्या सागाची नव्हतीच. ती घाट चढणाऱ्या बैलांच्या कडब्याची होती, आणि आता बैलच उरले नव्हते.

दिवाळीनंतर कोणी आलं नाही. लढाई संपायच्या आत कापूस विकून मोकळा झालेला महादेवराव तेवढा घर बांधत होता, तेही त्याच वाडीत. खुशालराव मन घट्ट करून गेला. वांग्याच्या वाफ्यांवर मोलमिनच्या तुळया रचलेल्या होत्या.

महादेवराव काही वाईट बोलला नाही. "लाकूड तुमचं चांगलं हाये, खुशालराव. पन आता कोन घेते? मले ईटभट्टीले जळतन पाह्यजे. त्या भावानं देता का?"

आणखी थांबलं असतं तर जळणाचाही भाव आला नसता. खुशालरावानं दिलं. गाड्या त्यानं स्वतः हाकल्या. साग भट्टीत जाताना त्याला रडू फुटलं, आणि धुराचं निमित्त त्याला पुरलं. पलीकडे मजूर वाडीच्या विहिरीत दगडमाती लोटत होते.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मैनाबाई दारातच होती.

"घर बांधून राहिले म्हनते तिथं. वाडी गेली तं गेली. हीर तरी ठेवतीन ना?"

खुशालरावाला खरं बोलवेना. "ठेवतीन," तो म्हणाला.

"मंग सकाळी पानी तिथूनच आनीन," ती म्हणाली, आणि घागर घासायला बसली.