आधी पितरांना डायक्विरी

माझी भाची प्रतिक्षा हॉटेलचं शिक्षण संपवून खोडाळ्याला आली ती नाशिकची नोकरी खिशात घालूनच. फक्त काम स्वयंपाकघरात नव्हतं, बारच्या काउंटरमागे होतं. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ देवराम, नाही म्हणाला. प्रतिक्षानं त्याला एवढंच मागितलं, की माझ्या हातचा एक ग्लास पी आणि मग नाही म्हण. मला बोलावणं नव्हतं, पण अशा ठिकाणी मी बोलावण्याची वाट बघत नाही.

रविवारी तिनं पांढरी रम, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक बर्फासकट स्टीलच्या डब्यात घातला, झाकण दाबलं आणि डबा असा काही हलवला की कोंबड्या अंगण सोडून पळाल्या. मग ते गाळून काचेच्या ग्लासात ओतलं. याला म्हणे डायक्विरी म्हणतात. वासानंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

देवराम ग्लास घेऊन अंगणात उकिडवा बसला. आमच्यात पहिली धार धरतरीला, म्हणजे भुईवर ओतायची, मग नाव घेऊन एकेका पितराला. त्याआधी कुणी तोंड लावत नाही. मोहाच्या बाटलीतून एवढं गेलेलं कळतही नाही. पण हा ग्लास केवढासा, आणि देवरामचा हात सढळ. आजोबांपर्यंत येताच ग्लास रिकामा झाला. कॉलेजात गिऱ्हाईक एकटं येतं असं शिकवत असतील, आमच्याकडे ते सात पिढ्या घेऊन येतं.

दुसरा ग्लास चुलत्यांनी आणि आज्यांनी संपवला. मला हसू आवरेना. पण रम तळाला गेली होती, पोरीचे डोळे भरले होते. मी चिडून म्हटलं, की मेलेल्यांचं पुरे झालं, आता जित्यांकडे बघ. देवरामनं ऐकलंच नाही.

तिसरा ग्लास त्यानं एकाच नावानं ओतला, थेंबही न राखता.

"पारू, ही तुझे पोरीचे हातची."

पारू प्रतिक्षाची आई. ती गेली तेव्हा पोर पाळण्यात होती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

बाबा, तू तर प्यालाच नाहीस, असं प्रतिक्षा रडवेली होऊन म्हणाली.

देवराम ओल्या जमिनीकडे बघत होता. "एवढी माणसं प्याली, तुझी आय प्याली. कोणी नको म्हटला नाय. मी एकलाच कसा नको म्हणू? जा नाशिकला."

प्रतिक्षानं डबा टाकून त्याच्या गळ्यात उडी घेतली, आणि मी वयाचं भान सोडून त्या चिकट अंगणात नाचले.