फुगलेल्या कोपऱ्याचा सूड

मित्रांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. एका माणसाने तुम्हाला तीन पावसाळे उघड्या गच्चीवर कुजत टाकले. पुष्कळ वर्षांनी तोच माणूस तुमच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि आता त्याचा खेळ तुमच्या मर्जीवर आहे. काय कराल? माफ कराल? मी केले नाही.

मी टेबल टेनिसचे एक जुने टेबल आहे. मला घडवणाऱ्या सुतारकाकांनी वीत-वीत अंतरावर चेंडू टाकून पाहिला होता. सगळीकडे तो सारखाच उसळला, तेव्हा कुठे त्यांनी मला हिरवा रंग दिला. मग एका छापखान्याच्या करमणुकीच्या खोलीत मी सोळा वर्षे काढली. कामगार शाईचे हात धुऊन खेळायला येत आणि जाताना मला फडक्याने पुसून जात.

पुढे तिथे नवे सेक्रेटरी आले. त्यांना पाहुण्यांसाठी सोफा ठेवायचा होता.

"हे धूड गच्चीवर टाका."

"साहेब, निदान वर ताडपत्री तरी घालू," एक म्हातारा बाइंडर म्हणाला.

"लाकूडच आहे ना? लोणी नाही वितळायला!"

सगळे हसले. मी वितळलो नाही खरा, पण माझा एक कोपरा पाणी पिऊन फुगला. त्यावर पडलेला चेंडू उसळत नाही, बसकण मारतो. मित्रांनो, कुठल्याही लाकडाला असे भिजत टाकू नका. लाकूड विसरत नाही.

शेवटी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या केंद्राने मला उचलून नेले. तिथे खेळ घेणाऱ्या ताई घरच्यांना सांगत, "नाव विसरतं, घर विसरतं, पण चेंडू आला की हात पुढे जातो. त्या हाताला धरून माणसाला थोडं परत आणायचं."

आणि एका मंगळवारी, नातीचा हात धरून, सेक्रेटरीसाहेब आत आले.

त्यांनी मला ओळखले नाही. नातीलाही ते कधी 'मॅडम' म्हणत, कधी 'सिस्टर'. पण पाच-सात चेंडू मारले की एकदम हाक येई, "भिंगरी, नीट खेळ!" हे तिचे लाडाचे नाव. आठवड्यातून तेवढा एकच तास ते तिचे आजोबा असत.

नेमका तोच तास मी नासवला. जागा बदलली की साहेब गोंधळत, म्हणून ताई त्यांना नेहमी खिडकीकडेच उभे करीत. माझा फुगलेला कोपरा त्यांच्या उजव्या हाताला! तिथे चेंडू आला की मी गिळलाच. साहेब हवेत बॅट फिरवीत, लालबुंद होत. "ही पोरगी लबाडी करते!" म्हणत एकदा त्यांनी बॅट आपटली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

एकच खुपत होते. ज्याला आपला गुन्हाच आठवत नाही, त्याच्यावरचा सूड अळणी लागतो. म्हणून मला तो आणखी हवा होता.

चौथ्या मंगळवारी ताई नातीला हळूच म्हणाल्या, "बाळा, आज चिडले तर खेळ बंद करू. ब्लडप्रेशर वाढतं त्यांचं. दुसऱ्या खोलीत बसून गाणी ऐकतील."

म्हणजे मला फक्त एक चेंडू पुरे होता. तो आला आणि कोपऱ्यात मेला. साहेबांनी बॅट उगारली.

"थांबा, आजोबा!" नात धावत आली. तिने कोपऱ्यावर चेंडू टाकला. पुन्हा टाकला. मग तळवा फिरवून पाहिला. "ताई, आजोबा चुकतच नाहीयेत! हा कोपरा फुगलाय."

"अगं, पण त्यांना पलीकडे नेलं तर घाबरतील."

"त्यांना कशाला? यालाच फिरवू."

तिने मला खांदा लावला. पलीकडून ताईंनी जोर केला. मी चारही पाय रोवले, फरशीवर किंचाळलो, पण दोघींनी मला अर्धे वळवलेच. साहेब खिडकीपाशी होते तिथेच राहिले. कोपरा आता नातीच्या उजव्या हाताला आला.

तिच्याशी माझे वैर नव्हते, मित्रांनो. पण फुगलेल्या लाकडाला माणसे निवडता येत नाहीत. साहेबांनी फटका मारला, चेंडू कोपऱ्यात बसला आणि तिची बॅट हवेत फिरली.

"हरलीस, भिंगरी!" साहेब खदखदून हसले.

ती वाकली, माझ्या पायांमधून घरंगळलेला चेंडू काढला आणि परत त्याच कोपऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आणखी एक, आजोबा. इकडेच मारा."