राक्षसांच्या भाषेत बोलणारे भाऊ

कुणाला सांगितलं तर हसतील, पण आमच्या घरात दोन सख्खे भाऊ राक्षसांच्या भाषेत बोलायचे. भाषा आमच्या ह्यांनीच बनवली, टीव्हीवरच्या एका मालिकेसाठी. राक्षस दिवसभर लढतात, म्हणून शब्दही तेवढेच: किल्ला, हत्ती, आग, शत्रू, मारा, कापा.

त्याच्या बऱ्याच आधी जिन्याच्या रंगावरून ह्यांचं आणि भाऊजींचं वाजलं होतं. भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, वरच्या मजल्यावर राहतात. रागाच्या भरात म्हणाले, "यापुढे मातृभाषेतून तुझ्याशी एक शब्द बोललो तर नाव बदलेन!" तेव्हापासून घर मुकं. मग मालिका सुरू झाली आणि भाऊजींनी ती तोंडपाठ केली. वकील माणूस, पळवाट सापडलीच.

एका सकाळी जिन्यातून गर्जना आली, "झुर्ग बुडुंबा! हाथो खचाक!" किल्ला बुडतोय, हत्ती मारा. म्हणजे गच्चीवरची टाकी भरून वाहतेय, मोटर बंद कर. हे हातातला चहा तसाच टाकून धावले आणि खालून तस्संच गरजले. चेहरा असा खुलला, की मला मेलीला वाटलं, मिटलं एकदाचं. कसलं मिटतंय! गॅस संपला की राजाची आग मेली, पाहुणे आले की शत्रू वेशीवर. जाऊबाईंच्या माहेरच्यांना तो शब्द चपखल बसायचा, ते सोडा. पण साधं "जेवलास का?" विचारायची सोय नाही.

अशात भाऊजींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. काही कमीजास्त झालं, तर भावाशी बोललेलं शेवटचं वाक्य काय, हत्ती कापा? ह्यांना चांगलं झापलं. तर म्हणे, "मोठा तो आहे. आधी त्यानं बोलावं." आग लागो त्या मोठेपणाला!

भाऊजींना स्ट्रेचरवरून आत नेत होते. हे शेजारून चालता चालता गरजले, "शत्रू कापा! किल्ला आपलाच!" अर्थात राक्षसीत. नर्स दचकून मला म्हणाली, "ह्यांनाही ॲडमिट करायचंय का?"

भाऊजी हळूच म्हणाले, "लिपुस."

हे थबकले. "असा शब्दच नाहीये!" चक्क मातृभाषेत ओरडले. "दादा, भाषा मी बनवलीय. मला माहीत नसणार होय?"

"नाहीये म्हणूनच बनवला," भाऊजीही मातृभाषेत. "तुझ्या राक्षसांना भीतीच वाटत नाही. मला वाटतेय रे. फार वाटतेय."

ह्यांनी त्यांचा हात घट्ट धरला. "लुपिस?"

"लिपुस."

"लिपास?"

"गाढवा, नीट ऐक. लिपुस."

ऑपरेशन थिएटरचं दार येईपर्यंत भाऊजी उच्चार सुधारत राहिले आणि हे मुद्दाम चुकत राहिले.